घोडा आणि चांदणी

माझ्या मामाला सगळे चिल्लरमामा म्हणतात, आणि गंमत अशी की त्याच्याकडे सुटे पैसे कधीच नसतात. दुकानदाराने उरलेले पैसे हातावर ठेवले की मामा बाजूला सरकतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि एकेक नाणं डोळ्यांजवळ नेऊन बघतो. त्यातलं एखादं आवडलं की ते जन्मभराचं त्याचं. बाकीचीही ‘निवांत बघू’ म्हणून घरी येतात आणि घरची होऊन बसतात. मग बसमध्ये कंडक्टरने सुटे मागितले की हा गृहस्थ माझ्या तोंडाकडे बघतो. मामाबरोबर बाहेर पडायचं तर पर्समध्ये सुटे घेऊन निघायचं, हे मला आईने शाळेत असताना शिकवलं होतं. आज मी चाळिशी ओलांडली, तरी तो धडा चालूच आहे.

मामा टेलिफोन खात्यात होता. पूर्वी नाणं टाकून बोलायचे फोन असत, रस्त्याच्या कोपऱ्यावर, स्टेशनात, दवाखान्याच्या व्हरांड्यात. त्यांच्या पेट्या रिकाम्या करणं हे त्याचं काम. खांद्याला कातडी पिशवी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि खाली सायकल, अशी अठ्ठावीस वर्षं. पेटीत निघालेली खरी नाणी कचेरीत जमा व्हायची आणि बाकीचं फेकून द्यायचं, असा हुकूम होता. बाकीचं म्हणजे काय काय! वॉशर, कोटाची बटणं, हातोडीने चपटी केलेली बाटल्यांची बुचं, भलत्याच देशांची नाणी. एका महाभागाने तर खोकल्याची गोळी टाकली होती. मामाला त्यातलं काहीच फेकवेना, आणि न विचारता घरी नेणं त्याच्या रक्तात नाही. त्याने साहेबांना रीतसर अर्ज केला. साहेबांनी त्यावर शेरा मारला, ‘हरकत नाही. पण का?’ तो अर्ज शेऱ्यासकट आजही बैठकीच्या भिंतीवर काचेत आहे.

त्या ‘पण का?’चं उत्तर देण्यासाठीच बहुधा त्याने मासिक काढलं. मासिक म्हणायचं आपलं, निघतं तीन महिन्यांतून एकदा. नाव ‘दोन बाजू’. पाने चोवीस, वर्गणीदार तीनशे चाळीस, संपादक मामा, टपाल खातं मामी. मामी घड्या घालते, पत्ते चिकटवते आणि कोणता वर्गणीदार घर बदलून गेला, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हे तिला तोंडपाठ असतं. मजकूर जुळवणं आणि फोटो काढणं हे काम गेली बारा वर्षं माझ्याकडे. पोटासाठी मी एका छापखान्यात औषधांच्या बाटल्यांची लेबलं जुळवते. मामाचं काम पोटासाठी नाही. त्याचा मोबदला म्हणजे मामीच्या हातचं जेवण आणि मामाची बोलणी.

बोलणी कशाबद्दल? सगळ्याबद्दल. नाणं कडेने धरायचं, बोटांचे ठसे उमटले तर तुझी खैर नाही. नाणं घासायचं नाही. जुनं नाणं घासून लख्ख केलं की त्याची किंमत संपते, हे तो प्रत्येक अंकात ठळक अक्षरांत छापतो. त्यामागेही एक कहाणी आहे. लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते, नव्या नवरीने बिचारीने नवऱ्याला खूश करायला म्हणून त्याची अकरा काळवंडलेली नाणी राखेने घासून आरशासारखी केली आणि बशीत मांडून ठेवली. मामा दोन दिवस एक अक्षर बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने ती नाणी एका डबीत घातली आणि वर कागद चिकटवला, ‘प्रेमाने बिघडवलेली’. ती डबी तो कोणाला हात लावू देत नाही. मामी म्हणते, “माझ्या माहेरून काही आलं नसेल एवढं मी त्या डबीत दिलंय.”

आता मुद्द्यावर येते. ‘दोन बाजू’च्या पहिल्याच अंकात, आतल्या पानावर, चौकटीत दोन ओळी आहेत: ‘या अंकात एकही खोटं नाणं छापलं जाणार नाही. ज्या दिवशी छापलं जाईल, तो शेवटचा अंक.’ एकतीस वर्षं ही चौकट त्याच जागी छापली जाते. ती वाचायची इतकी सवय झाली होती की मला ती दिसेनाशी झाली होती. मामाला मात्र ती रोज दिसत असावी. बोले तैसा चाले म्हणतात त्या जातीतला तो माणूस.

आणि एकशे बाविसाव्या अंकात मी माती खाल्ली.

त्या अंकाचं मुखपृष्ठ होतं जुन्या घोड्याच्या नाण्याचं. आम्ही लहान असताना घोड्याचं नाणं चालायचं. एका बाजूला दौडणारा घोडा, दुसऱ्या बाजूला कणसांच्या वेलबुट्टीत आकडा. मग सरकारने ते बंद केलं आणि त्याच किमतीचं, त्याच मापाचं गलबताचं नाणं आणलं. त्याच्या मागे आकड्यावर एक चांदणी. म्हणजे घोड्यामागे कणीस, गलबतामागे चांदणी. शेंबडं पोरही सांगेल.

फोटोसाठी मामाने लाकडी तबक केलंय. आत मखमल, मखमलीत नाण्यांच्या मापाचे खळगे. पुढच्या बाजूचा फोटो झाला की प्रत्येक नाणं वेगळं उचलून, जागच्या जागी उलटायचं आणि मागच्या बाजूचा काढायचा. हा मामाचा दंडक. त्या दिवशी तबकात दोनच नाणी होती, डावीकडे घोडा, उजवीकडे गलबत. मला छापखान्यात परत जायची घाई. मी शहाणपणा केला. तबकावर दुसरं तबक पालथं ठेवलं आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं सगळंच एका फटक्यात उलटलं. दोन सेकंदांत काम फत्ते! पण पान उलटलं की डावं उजवीकडे जातं, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. घोडा गेला उजवीकडे आणि डावीकडे आली गलबताची चांदणी. मी डावीकडचं डावीकडच्याला जोडलं. तीनशे चाळीस मुखपृष्ठांवर पुढे घोडा, मागे चांदणी, असं पृथ्वीतलावर नसलेलं नाणं मोठ्या दिमाखात छापून आलं.

एरवी मामाने ते शंभर पावलांवरून ओळखलं असतं. पण तेव्हा त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी. छापायला द्यायच्या आधी मी त्याला सगळा अंक मोठ्याने वाचून दाखवला. त्याने अडवून अडवून माझ्याकडून सात स्वल्पविराम बदलून घेतले. चित्र काही वाचून दाखवता येत नाही, आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

अंक टपालात पडून तीन दिवस झाले असतील. सकाळी मामाकडे फोन वाजला. भूगोलाच्या बाई. या बाई शाळेतून निवृत्त झाल्यापासून ‘दोन बाजू’ लाल पेन घेऊनच वाचतात. मी फोन घेतला.

“संपादकांना सांग, घोडा आता आकाशात चरायला लागलाय वाटतं!” बाई म्हणाल्या. “कणीस कुठे गेलं त्याचं?”

मी अंक हातात घेतला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. मामाच्या डोळ्यावरची पट्टी आदल्याच दिवशी निघाली होती. मी अंक त्याच्यापुढे ठेवला. त्याने भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं.

“तबक उलटलंस?” त्याने विचारलं.

“हो.”

“हं,” म्हणाला, आणि मुखपृष्ठावरून हळूच हात फिरवला. “फोटो मात्र सुंदर आलाय.”

ओरडला असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. पण तो उठला, कपाटातून कोरे कागद काढले आणि लिहायला बसला. वर शीर्षक घातलं, ‘निरोप’.

“मामा, काहीतरीच काय! छपाईतली चूक आहे. पुढच्या अंकात दुरुस्ती छापू.”

“चौकटीत काय लिहिलंय?”

“चौकट गेली खड्ड्यात!”

“एकतीस वर्षं लोकांनी त्या चौकटीवर विश्वास ठेवलाय,” तो शांतपणे म्हणाला. “आता अंगाशी आली म्हणून मी ती पुसू?”

मी स्वयंपाकघरात जाऊन मामीच्या खांद्यावर डोकं ठेवून जे रडले, ते रडले. मामी मला थोपटत होती, पण तिचंही लक्ष बाहेर होतं. टेलिफोनच्या पेट्या गेल्या, नोकरी गेली, तेव्हा मामा कोसळला नाही, कारण ‘दोन बाजू’ होतं. ते गेलं तर सकाळी उठून हा माणूस करणार काय, हे आम्हा दोघींनाही कळत नव्हतं. आणि ते माझ्या हातून जाणार होतं.

आठवडाभर पत्रांचा पाऊस पडला. कोणी चिडवलं होतं, कोणी चुचकारलं होतं, बऱ्याच जणांनी ‘चौकटीचं मनावर घेऊ नका’ असं लिहिलं होतं. मामा प्रत्येकाला कार्डावर उत्तर पाठवत होता, ‘आभारी आहे. पुढचा अंक शेवटचा.’ मग एक पत्र आलं. अक्षर कोरल्यासारखं, मजकूर चार ओळींचा. ‘दाताच्या डॉक्टरांकडे बसलो असता तुमचा अंक पाहिला. मुखपृष्ठावरचं नाणं माझ्याकडे आहे. टपालाने पाठवणार नाही. बघायचं असल्यास दुकानात यावे.’ खाली बटणांच्या एका दुकानाचा पत्ता.

मामाने सवयीने कार्ड ओढलं. “दोन नाणी कापून, अर्धी अर्धी चिकटवून करतात लोक असली करामत,” असं पुटपुटत त्याने लिहायला सुरुवात केली, ‘असं नाणं अस्तित्वात...’

मी कार्ड खेचून घेतलं. “बघितलंस का ते नाणं?”

“बघायचं काय त्यात?”

“मासिकाचा जीव चाललाय आणि तू दोन तासांचा बसचा प्रवास करणार नाहीस? चल ऊठ. सुटे माझ्याकडे आहेत.”

मामीने पाठीमागून त्याचा डबा भरून पुढे केला, म्हणजे विषय संपला.

बटणांचं दुकान मी जन्मात विसरणार नाही. जमिनीपासून छतापर्यंत छोटे छोटे खण, प्रत्येक खणावर आत काय आहे ते दाखवायला एकेक बटण दोऱ्याने शिवलेलं. मधोमध शिडी, आणि शिडीवर एक वाळकुडे, ताठ आजोबा. आम्ही कोण ते सांगितलं. त्यांनी मामाकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “थांबा. गिऱ्हाईक आहे.” एका बाईंच्या कोटाचं एक बटण हरवलं होतं. आजोबांनी नऊ खण उघडले, नऊ बटणं कोटाला लावून बघितली आणि दहावं जुळलं तेव्हाच ते खाली उतरले. मामाने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. त्याला माणूस आवडला होता.

आजोबांनी गल्ल्यामागून एक पत्र्याची डबी आणली. आत कापूस, कापसात नाणं. एका बाजूला घोडा. त्यांनी ते उलटलं. चांदणी.

“कुठे मिळालं?” मामाने विचारलं.

“सहा बटणांच्या बदल्यात. घोडा जाऊन गलबत आलं त्याच वर्षी.”

मामाने खिशातून पांढरे हातमोजे काढून चढवले. खिशातला छोटा काटा काढला, नाणं तोललं. वजन बरोबर. चिकटवलेल्या नाण्याला आतल्या कडेशी बारीक शिवण असते, ती शोधायला त्याने भिंगाखाली नाणं पूर्ण गोल फिरवलं. मग दुसरी बाजू, पुन्हा पूर्ण गोल. शिवण निघाली असती तर सगळं तिथेच संपलं होतं. शेवटी त्याने नाणं बोटाच्या टोकावर तोललं आणि पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली. जोडलेलं नाणं बद्द वाजतं. हे वाजलं ते असं खणखणीत, की दुकानातल्या बाईंनीही मान वळवली.

मामाने पुन्हा टिचकी मारली. मला वाटतं ती तपासायला नव्हती, ऐकायला होती.

“खरं आहे,” तो म्हणाला. “टांकसाळीत एखाद्या दिवशी जुना घोड्याचा ठसा आणि नवा चांदणीचा ठसा एकाच यंत्रात बसले असणार. कोणीतरी तुझ्यासारखंच घाईत होतं, पोरी!”

मी दुकानात सगळ्यांदेखत नाचायचीच बाकी होते. छापलेलं नाणं खोटं नव्हतं! चौकट शाबूत, मासिक शाबूत, मामा शाबूत! मी आजोबांचा हात धरून गदागदा हलवत होते. आजोबा मात्र हसत नव्हते. त्यांनी डबीतला कापूस उचलला आणि खालून घडी घातलेलं एक कार्ड काढून मामापुढे ठेवलं.

अक्षर मामाचं होतं. ‘असं नाणं अस्तित्वात नाही. कोणीतरी तुमची फसवणूक केली आहे. — संपादक.’ तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची.

“वर्गणीदार होतो मी तुमचा,” आजोबा म्हणाले. “कौतुकाने लिहिलं होतं. हे उत्तर आलं, आणि वर अंकातही छापलंत. शेचाळिसावा अंक. नाव नव्हतं दिलंत, पण आमच्या गल्लीला कळायचं ते कळलंच. तेव्हापासून मी काही दाखवायला काढलं की लोक म्हणतात, खरं आहे ना हो?”

मामाने कार्ड दोनदा वाचलं. मग हातमोजे काढले आणि हात जोडले.

“मी न बघता लिहिलं,” तो म्हणाला. “चुकलो. तुमचं नाणं खरं होतं आणि मी खोटा.”

आजोबांनी घसा खाकरला. उगाच एक खण उघडला, बंद केला. “दात दुखत होता म्हणून डॉक्टरांकडे गेलो होतो,” ते म्हणाले. “तुमचं मुखपृष्ठ बघितलं आणि दात न दाखवताच पळत घरी आलो. अजून दुखतोय.” आणि तेव्हा पहिल्यांदा ते हसले, गाल धरून.

परतीच्या बसमध्ये मामा खिडकीबाहेर बघत बसला होता. मी म्हटलं, आता काय झालं?

“शेचाळिसाव्या अंकात खोटं छापलं गेलं,” तो म्हणाला. “नाणं नाही, पण खोटंच. नियमाप्रमाणे मासिक तेव्हाच बंद व्हायला हवं होतं.”

मला असा राग आला! “म्हणजे तुझ्या हिशेबाने ‘दोन बाजू’ एकोणीस वर्षांपूर्वीच मेलंय?”

“तसंच म्हणायला हवं.”

“मग जे मेलंय ते तू आता परत बंद कसं करणार? आणि एकोणीस वर्षं मामी आणि बारा वर्षं मी, काय भुताच्या घड्या घालत होतो?”

मामाचे खांदे हलले, आणि तो हसायला लागला. असा हसला की डोळ्याच्या डॉक्टरांनी बघितलं असतं तर ओरडले असते. कंडक्टर आला, सुटे मागितले, मामाने डोळे पुसत माझ्याकडे बोट दाखवलं. घरी पोचलो तेव्हा मामी दारातच होती. आमची तोंडं बघूनच ती म्हणाली, “एकदाचं गंगेत घोडं न्हालं म्हणायचं!” आणि आत जाऊन तिने तो ‘निरोप’ लिहिलेला कागद फाडून टाकला. विचारलंसुद्धा नाही.

एकशे तेविसाव्या अंकाच्या मुखपृष्ठावर पुन्हा तेच, घोडा आणि चांदणी. फोटो मी दुकानातच काढला, गल्ल्यावर, बटणांच्या तबकात. नाणं एकच होतं, तरी मी ते कडेने धरून, जागच्या जागी, इतकं सावकाश उलटलं की आजोबा म्हणाले, “पोरी, झोपलीस का?” आतल्या पानावर मामाची माफी होती, पानभर, आणि शेवटी आजोबांच्या दुकानाचा पत्ता. चौकटही बदलली. आता तिथे छापलं जातं: ‘न बघता नाही म्हणणार नाही. बोलवा, आम्ही येऊ.’

लोक बोलावतात हो! दर रविवारी मी, मामा आणि माझे सुटे पैसे कुठल्यातरी बसमध्ये असतो. आतापर्यंत सव्वीस नाणी बघितली, सव्वीसच्या सव्वीस खोटी. मामा प्रत्येकाला तासभर देतो, चहा पितो, आणि खोटं आहे हे अशा बेताने सांगतो की माणूस उलट आम्हाला सोडायला बसथांब्यापर्यंत येतो. आजोबांनी पुन्हा वर्गणी भरली आणि मधले सगळे अंक मागवले. मामीने त्यांचा गठ्ठा बांधला तेव्हा तिला दोन दोऱ्या लागल्या.

ते जुनं कार्ड आजोबांनी आम्हाला देऊन टाकलं. आता मला नको, म्हणाले. बैठकीच्या भिंतीवर साहेबांच्या ‘पण का?’शेजारी आता दोन नव्या चौकटी लागल्यात. एकीत माझं एकशे बाविसावं मुखपृष्ठ, दुसरीत ते कार्ड. दोन्हींखाली मामाने स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या चिकटवल्यात.

पहिलीवर लिहिलंय, ‘भाचीची चूक. नाणं खरं.’

दुसरीवर, ‘माझी चूक. नाणं तेच.’